पाठ पुन्हा घेऊ द्या

डी.एड.च्या पहिल्या वर्षी आम्हाला सूक्ष्म अध्यापन होतं. समोर खरी मुलं नसायची. तुकडीतल्याच आठ-दहा जणी मुलं होऊन बसायच्या. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. प्रश्न विचारणं म्हणजे फक्त प्रश्न विचारणं, फलकलेखन म्हणजे फक्त फलकलेखन. पाठ ६ मिनिटांचा. घंटा झाली की खडू खाली. मग ६ मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे बसलेल्यांनी त्यांना काय दिसलं ते सांगायचं. मग १२ मिनिटं कोपऱ्यात बसून पाठाचं टाचण बदलायचं. त्यानंतर तोच पाठ पुन्हा ६ मिनिटं, आणि पुन्हा ६ मिनिटं प्रत्याभरण. सगळं मिळून ३६ मिनिटं. ही पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली आणि एनसीईआरटीनं, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं, ती आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांना जमेल अशी बसवून दिली.

तेव्हा आम्हाला तो भातुकलीचा खेळ वाटायचा. सहा मिनिटांत काय शिकवून होतं, असं आम्ही जेवणाच्या सुट्टीत बोलायचो. आता झेडपीच्या शाळेत २२ वर्षं काढल्यावर त्या ३६ मिनिटांची वाटणी वारंवार आठवते. शिकवायला ६, ऐकून घ्यायला १२, आणि बदलून पुन्हा करून बघायला १८. निम्मा वेळ दुसऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेवलेला होता.

या २२ वर्षांत माझे पाठ केंद्रप्रमुखांनी पाहिले, विस्तार अधिकाऱ्यांनी पाहिले, डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, अधिव्याख्यात्यांनी पाहिले, शेजारच्या शाळांतल्या सहकाऱ्यांनी पाहिले. शेरेबुकं भरली. पण "बाई, हाच घटक पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या, मी परत येऊन बसतो" असं अधिकाऱ्यांपैकी मला एकानंही म्हटलेलं नाही. मीही तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत कुणाला तसं म्हटलं नव्हतं.

शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहावेत, मुलांनी एकमेकांचं काम तपासावं, याला आता कुणाचा विरोध राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं सांगितलं की मुलाच्या प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सहाध्यायांचंही मूल्यमापन असावं. त्यातूनच समग्र प्रगतिपत्रक आलं. त्याच धोरणानं शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यायला सांगितलं. आपल्या राज्यात केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद तर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे; दहा-बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात. एकमेकांकडून शिकायची जागा कागदावर आहे, तारखेसकट आहे.

माझी काळजी त्यापुढची आहे. सहकाऱ्याचं म्हणणं रकान्यात भरून वर पाठवलं की त्याचा शेरा होतो, आणि शेरा मिळालेला माणूस आपला पाठ सुधारण्याआधी स्वतःला सांभाळतो. म्हणून मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. सहकाऱ्यानं दिलेला अभिप्राय कोणत्याही नमुन्यात, ॲपमध्ये किंवा गोपनीय अहवालात जाता कामा नये. आणि ज्याला अभिप्राय मिळाला त्याला तेच काम पुन्हा करून बघायला वेळ मिळाला पाहिजे. शिक्षकांच्या बाबतीतही आणि मुलांच्या बाबतीतही. या दोन अटी पाळायच्या नसतील तर हा उपक्रम सुरूच करू नये, इतक्या स्पष्टपणे मी हे म्हणते आहे, कारण नुसता वेळ वाया जाऊन भागत नाही, माणसं दुखावतात.

शेऱ्याची भाषा आम्ही डी.एड.लाच शिकलो. सोबतच्या मुलींचे सराव पाठ पाहून निरीक्षण वही भरायची असायची. दुसऱ्या महिन्यापर्यंत आमची वाक्यं ठरून गेली होती. 'प्रस्तावना आकर्षक. आवाज स्पष्ट. शैक्षणिक साहित्याचा योग्य वापर. फलकलेखनात सुधारणा हवी.' एक तरी उणीव लिहा असं सर सांगायचे, आणि फलकलेखनाची उणीव काढली तर कुणाचं मन दुखत नाही, म्हणून ते शेवटचं वाक्य. पाठ न बघताही ती वही भरता यायची. शेवटच्या आठवड्यात आम्ही ती तशीच भरली.

वीस वर्षांनी शिक्षण परिषदेत आदर्श पाठानंतरची चर्चा ऐकताना मला तीच वही कुणीतरी मोठ्यानं वाचतंय असं वाटतं. "मॅडमनी खूप सुंदर पाठ घेतला. मुलांचा प्रतिसाद उत्तम होता. फक्त वेळेचं थोडं नियोजन हवं होतं." टाळ्या होतात, चहा येतो, आणि पुढचे विषय सुरू होतात: यू-डायसची माहिती (शाळेची सरकारी आकडेवारी), आधार पडताळणी, पोषण आहाराच्या नोंदी.

असं बोलणारी माणसं खोटी नाहीत. माझ्या केंद्रातले बहुतेक शिक्षक मनापासून काम करणारे आहेत. पण ती सावध आहेत, आणि त्यांना सावध राहायला कारण आहे. १२ वर्षांनी चट्टोपाध्याय, म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी, आणि दोन्हींच्या प्रस्तावाला गोपनीय अहवाल जोडावे लागतात. वर्गात साहेब बसलेले असतात. त्यांच्यासमोर मी जर सांगितलं की शेजारच्या शाळेतल्या सरांच्या पाठात मागच्या रांगेतली तीन मुलं शेवटपर्यंत वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारत होती, तर ते वाक्य पुढं कुठं जाऊन बसेल ते मला ठाऊक नसतं. त्या सरांनाही नसतं. मग मी वेळेच्या नियोजनाबद्दल बोलते, आणि ती तीन मुलं तशीच राहतात.

'शाळासिद्धी' आली २०१५ साली. ७ क्षेत्रं, ४६ मानकं. शाळेनं स्वतःकडे प्रामाणिकपणे बघायचं, आपण कुठं आहोत ते ठरवायचं आणि सुधारणेचा आराखडा करायचा. कल्पना म्हणून मला ती आजही आवडते. पण कोणत्या शाळेची श्रेणी कोणती याची तुलना सुरू झाली आणि स्वतःला कमी श्रेणी देणं कुठल्याच मुख्याध्यापकाला परवडेनासं झालं. आम्ही ती मानकं एका संध्याकाळी भरली. त्या संध्याकाळी शाळेबद्दल आम्हाला नवीन काही कळलं असेल तर ते माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

अभिप्रायानं नुकसानही होऊ शकतं, याला अभ्यासाचा आधार आहे. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये या विषयावरचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. परिणामांची ६०७ मोजमापं त्यांच्या हाताशी होती. सरासरी काढली तर अभिप्रायाचा फायदा दिसला. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला माझ्या अनुभवावरून पटतं: माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, आपण कसे ठरलो याच्यावर गेलं, की अभिप्राय निकामी होत जातो.

माझ्या हातून हे झालेलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक नवीन मुलगी शिक्षण सेवक म्हणून आली. परिषदेत तिला पाठ घ्यायला सांगितलं. दुसरीचा वर्ग, घरातल्या वस्तूंवरून गप्पा. मुलं उठत होती, बसत होती, दोघं भांडलीही. चर्चेच्या वेळी सगळे नेहमीचं गोड बोलले आणि मला वाटलं, आपण तरी खरं बोलावं. मी म्हटलं, "मॅडम, वर्गावर पकड नाही. आवाजात जोर पाहिजे." चाळीस जण बसलेले होते. ती मान हलवून "हो मॅडम" म्हणाली आणि वहीत लिहूनही घेतलं. नंतर दोन वर्षं तिनं परिषदेत पाठ घेतला नाही. दरवेळी काही ना काही कारण निघायचं. एकदा प्रशिक्षणाला आम्ही शेजारी बसलो होतो तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणालात ते खरंच असेल. पण मी काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही."

मी खरं बोलले होते याचा मला जो अभिमान होता तो त्या दिवशी गळून पडला. पकड नाही, हे तिच्याबद्दलचं माझं मत होतं. भांडण कधी सुरू झालं, त्याआधी ती फळ्याकडे तोंड करून किती वेळ लिहीत होती, कोणती मुलं तिच्या नजरेच्या टप्प्याबाहेर होती, यातलं काहीच मी बघितलं नव्हतं. बघितलंच नाही ते सांगणार काय? मी तिची माफी मागितली. ती हसली. पण चाळीस जणांसमोर बोललेलं वाक्य दोघींत मागितलेल्या माफीनं पुसलं जात नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

'निंदकाचे घर असावे शेजारी' असं आपण फार सहज म्हणतो, आणि शिक्षक तर फळ्यावरही लिहितात. मला ते आता पटेनासं झालं आहे. निंदक निंदा करून आपल्या घरी जातो. आपली सुधारणा झाली तर ती आपल्या सोसण्यानं होते, त्याच्या निंदेनं नव्हे. शिकवणाऱ्याला शेजार हवा तो आपल्याबरोबर पुन्हा खपणाऱ्या माणसाचा.

असा शेजार मला मिळाला तो निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या एका गुरुजींच्या रूपानं. त्यांची शाळा आमच्यापासून तीन किलोमीटरवर, पुढच्या वस्तीवर. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते आमच्याकडे काही कागद घ्यायला आले आणि मी सहज म्हटलं, माझी तिसरीची मुलं वजाबाकीत शून्य आलं की अडतात. ते म्हणाले, "मी येऊन बसू का? पण आधी सांगा, बघू काय?" पाठ बघायच्या आधी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी विचार करून सांगितलं, "मी कुणाला विचारते आणि कुणाला विचारत नाही, एवढंच बघा."

ते वर्गावर आले त्या दिवशी ५०३ वजा २४७ घेतलं होतं. गुरुजी मागं दाराजवळ बसले. पाठ संपल्यावर त्यांनी एक अर्धा कागद माझ्या हातात दिला. त्यावर सतरंज्यांवर बसलेल्या २६ मुलांचे २६ गोल काढलेले होते, जिथं जे बसलं होतं तिथं. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची एक रेघ त्या त्या गोलात. एकूण ३१ रेघा. १९ रेघा पुढच्या दोन रांगांत. खिडकीखालच्या चार मुलींच्या गोलांत एकही रेघ नव्हती. आणि खाली बारीक अक्षरात: 'उत्तर तुम्हीच दिलंत: ११ वेळा.' विशेषण एकही नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही, सुधारणा हवी नाही.

मी त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. त्या चौघी माझ्या आवडत्या मुली आहेत. शांत बसतात, वही नीट ठेवतात. मी त्यांना विसरले होते असं मला कुणी तोंडानं सांगितलं असतं तर मी वाद घातला असता.

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा आले. त्यासाठी त्यांनी आपल्या वर्गाला गणिताचं काम देऊन दुसऱ्या शिक्षकांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी तोच घटक पुन्हा घेतला, उदाहरण वेगळं, ४०० वजा १५६. प्रश्न विचारायचा आणि मनात पाच आकडे मोजायचे, असं मी ठरवलं होतं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या सुमारास हेच मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलं जास्त लांब उत्तरं देतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. वाचलेलं होतं मी हे. पण पाच आकडे मोजताना वर्गातली शांतता अंगावर येते, ते वाचून कळत नाही. चौथ्या आकड्याला खिडकीखालून आवाज आला, "बाई, शून्याकडे काहीच नाही. मग आधी शंभराची मोळी सोडायची, दहाच्या दहा जुड्या होतात. त्यातली एक जुडी सोडायची." आम्ही काड्यांचे गठ्ठे करूनच शिकवतो, त्यामुळे तिला ते डोळ्यांसमोर दिसत होतं. आदल्या आठवड्यातही दिसत असणार. मी विचारलं नव्हतं.

गुरुजींनी दुसरा कागदही दिला. त्यातही पुढच्या रांगांत रेघा जास्तच होत्या, पण रिकामा गोल एकच होता. ते दोन्ही कागद माझ्या टाचण वहीत आहेत. ते कुणाकडे सादर करायचे नव्हते म्हणूनच गुरुजींनी इतके खरे लिहिले आणि मी ते घेऊ शकले. हाच नमुना भरून बीआरसीला, म्हणजे तालुक्याच्या गट साधन केंद्राला, द्यायचा असता तर ३१ रेघा सगळीकडे सारख्या वाटून टाकायला आम्हा दोघांनाही दोन मिनिटं लागली नसती.

माझी शाळा द्राक्षाच्या पट्ट्यात आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या पालकांच्या गप्पा दुसऱ्या कशाच्या नसतात. चार-सहा बागायतदार मिळून आज एकाच्या बागेत, परवा दुसऱ्याच्या बागेत जातात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. पान उलटं करून बघतात, घड हातात घेतात. "इथं डाऊनी दिसते. पाऊस उघडल्यावर फवारणी किती तासांनी घेतली?" "या ओळीत घड जिरलेत, त्या ओळीत नाहीत, पाणी कसं सोडलं होतं?" तू चांगला बागायतदार नाहीस, असं कुणी म्हणत नाही, ते म्हणून रोग जात नाही हे सगळ्यांना माहीत असतं. आणि ज्याची बाग आज बघितली तो परवा बाकीच्यांची बघणार असतो. सगळ्यांचं सगळ्यांसमोर उघडं. पुढची छाटणी तर आहेच.

आमच्या खात्यात नेमकी हीच गोष्ट नाही. जे पाठ बघतात त्यांचा पाठ कुणी बघत नाही. परिषदेत ज्यांनी बोलायचं ते सेवाज्येष्ठ असतात, बहुतेक वेळा पुरुष असतात, आणि पाठ घ्यायला उभी केली जाते ती नवीन आलेली मुलगी. गुरुजींनी दुसऱ्या खेपेला मला म्हटलं होतं, "आता माझ्याकडे या. माझं फळ्याचं काम बघा." मी गेले. निवृत्तीला आलेला माणूस माझ्याकडून आपल्या फळ्याबद्दल ऐकायला तयार होता म्हणून त्यांचा कागद मला टोचला नाही.

जपानच्या प्राथमिक शाळांत याची रीतच आहे. त्याला ते 'जुग्यो केंक्यू' म्हणतात, पाठाचा अभ्यास. शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात, एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करताहेत ते टिपतात. नंतरची चर्चा 'आपल्या' पाठाबद्दल असते, कारण तो सगळ्यांनी मिळून बनवलेला असतो. कित्येकदा तो बदलून दुसऱ्या वर्गावर पुन्हा घेतला जातो. आपल्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. मीही गेले होते. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात ती वारीच झाली होती, आणि दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग बघायला आपण पदरचं भाडं खर्चून जावं असं हजारो शिक्षकांना वाटलं ही साधी गोष्ट नव्हती. पण परत येऊन आमच्यापैकी बहुतेकांनी काय केलं? तिथल्यासारखी ऑइलपेंटनं फरशीवर आखणी केली. तिथल्या शिक्षकांनी ते साहित्य कितीदा बदललं, कशावर वाद घातले, काय टाकून दिलं, हे विचारायचं आमच्याकडून राहून गेलं. बघून येणं झालं, परत येऊन एकमेकांसमोर करून बघणं झालं नाही.

आता मुलांकडे येते, कारण समग्र प्रगतिपत्रकातल्या सहाध्यायी मूल्यमापनाची मला जास्त धास्ती आहे.

मुलांना एकमेकांच्या वह्या तपासायला द्या आणि काय लिहितात बघा. 'छान.' 'अक्षर सुधार.' 'शुद्धलेखनाकडे लक्ष दे.' पाचवीच्या वर्गात मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका मुलानं मित्राच्या निबंधाखाली माझ्या सहीसारखी सही करून लाल पेनानं 'बरे' लिहिलं होतं. मला वाईट वाटलं ते त्या मुलाचं नव्हे. पाच वर्षं त्यानं आमच्याकडून अभिप्राय म्हणून जे पाहिलं ते त्यानं जसंच्या तसं उतरवलं होतं. अशा मुलांसमोर जेव्हा सहाध्यायाबद्दल खुणा करायच्या चौकटी येतात तेव्हा ती मैत्रीनुसार आणि रुसव्यानुसार खुणा करतात. गावातल्या वस्त्या, आळ्या, जाती यांची सावली मुलांच्या मैत्रीवर असते हे खेड्यात शिकवणाऱ्या कुणाला सांगायला नको. ती सावली आपण शासकीय प्रगतिपत्रकात नेऊन ठेवतो आहोत. ज्या मुलाशी कुणी जेवायला बसत नाही, त्याच्या पत्रकात 'सहाध्यायी' म्हणून कुणाची खूण येणार आहे आणि ती काय असणार आहे?

रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या शाळांत केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचवी-सहावीच्या काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त लिखित अभिप्राय, काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचं पुढचं काम आणि त्यातला रसही वाढला. दोन्ही मिळालेली मुलं गुणवाल्या मुलांच्याच वाटेनं गेली. म्हणजे अभिप्रायाच्या शेजारी गुण ठेवला की अभिप्रायाचा फायदा उरत नाही. २०१० पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, आम्ही वर्णनात्मक नोंदी लिहितो. पण पालक विचारतात श्रेणी कोणती, आणि नोंदीही आता तयार पुस्तकांतून उतरवल्या जातात. मी स्वतः उतरवल्या आहेत, मार्चअखेर, रात्री जागून.

याच पाचवीच्या वर्गात नंतर मी एकच नियम केला. सोबत्याच्या लिखाणाला छान-वाईट म्हणायचं नाही, त्याला एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर तुला खरंच हवं आहे असा. एका मुलीनं आईवर लिहिलं होतं: 'माझी आई बेदाण्याच्या शेडवर जाते. ती खूप कष्ट करते. मला माझी आई खूप आवडते.' मी त्याखाली 'सुंदर' लिहून पुढं गेले असते. तिच्या शेजारच्या मुलानं पेन्सिलीनं लिहिलं, 'शेडवर तुझी आई दिवसभर काय करती?' ती आधी त्याच्यावर चिडली. मग तिनं त्याला तोंडानं सांगितलं, आणि मी म्हटलं तेच लिही. दुसऱ्या दिवशी तिनं दीड पान आणलं. आई बेदाण्याच्या काड्या काढते, काळा मणी बाजूला टाकते, बोटं चिकट होतात म्हणून राखेनं धुते, आणि घरी आल्यावर तिच्या पदराला गंधकाचा वास येतो, 'तो वास आला की मला कळतं आई आली.' पाचवीतल्या मुलीचं हे वाक्य आहे. ते तिच्याकडे होतंच. मुलाच्या त्या एका प्रश्नानं आणि दुसऱ्यांदा लिहायला मिळालेल्या दिवसानं ते बाहेर आलं. प्रगतिपत्रकातल्या कुठल्या चौकटीत खूण केल्यानं ते आलं असतं?

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. अधिकारी म्हणतात, नोंद मागितली नाही तर कुणी करणारच नाही. काही जण करणार नाहीत, हे खरं. पण नोंद मागितल्यावर सगळे करतात ते काय करतात, तेही आपण २२ वर्षं पाहतो आहोत. तपासणी असू द्या. शासनाला आपल्या शाळांत काय चाललंय हे बघायचा अधिकार आहे, ते साहेबांचं काम आहे, त्यांनी ते करावं आणि त्याखाली आपली सही करावी. सहकाऱ्याला मात्र त्या कामाचा बिनपगारी मदतनीस करू नये. माझ्याबद्दल वर जाणारा शेरा लिहिणारा आणि माझ्याबरोबर वजाबाकी पुन्हा घेऊन बघणारा, हा एकच माणूस असू शकत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. आपल्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी आहेत. एक जण दुसरीकडे पाठ बघायला गेला की उरलेल्यावर चार वर्ग पडतात. केंद्रप्रमुखांची पदंही अनेक ठिकाणी रिकामी आहेत, तेव्हा व्यवस्था लावून देणारं कुणी नसतं. याला माझ्याकडे मोठं उत्तर नाही, छोटं आहे. महिन्याची शिक्षण परिषद आहे तिचाच वेळ वापरावा. सूचना आणि माहितीचे तक्ते व्हॉट्सॲपवर येतातच, ते तिथं पुन्हा वाचू नयेत. त्या वेळात चार-चार शिक्षकांचे गट करावेत, गटानं मिळून एक पाठ आखावा, एकानं तो यजमान शाळेतल्या मुलांवर घ्यावा, बाकीच्यांनी फक्त मुलांकडे बघावं. ज्यानं पाठ घेतला त्यानंच आधी सांगावं की काय बघा. साहेबांनी त्या वेळात गटात बसायचं असेल तर त्यांनीही आपल्या पाळीला पाठ घ्यावा. आणि पुढच्या महिन्याच्या परिषदेत नवीन पाठ सुरू करण्याआधी मागचाच पाठ, बदलून, दुसऱ्या शाळेतल्या मुलांवर पुन्हा. वर्षाला अशा आठ परिषदा झाल्या तरी चार पाठ प्रत्येकी दोनदा होतील. चारच. मला ते पुष्कळ वाटतात.

कागद हवाच असेल तर एक ठेवावा, पाठ घेणाऱ्याच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात: तारीख, घटक, आणि पुढच्या वेळी मी काय वेगळं करणार. त्याखाली निरीक्षकाच्या सहीची जागा नसावी.

ती नवीन मुलगी आता नवीन राहिलेली नाही, कायम झाली आहे. गेल्या परिषदेनंतर मी तिला माझ्या वर्गावर बोलावलं. तिनं आल्या आल्या विचारलं, "मॅडम, काय बघू?" मी तिला सांगितलं, भागाकार घेणार आहे, मी फळ्याकडे तोंड करून किती वेळ असते ते घड्याळ लावून बघ. तिनं बघितलं. ४० मिनिटांत १३ मिनिटं. बुधवारी ती पुन्हा येणार आहे, आणि शुक्रवारी मी तिच्याकडे.